हाऊ फोन मना शे का?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरपाशी दुपारच्या वेळी थोडं थांबावं. यावल-चोपड्याकडून, एरंडोल-पारोळ्याकडून आलेली माणसं पिशवीतून फोन काढतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं. नातवाने काहीतरी दाबलं, फोन रीसेट झाला, आता उघडतच नाही. पडद्यावर आधीच्या गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड मागितलेला असतो. आबांना ईमेल ठाऊक नसतो, कारण तो त्यांनी काढलेलाच नसतो. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने मनाला येईल ते नाव टाकून खातं उघडून दिलं, पासवर्ड खोक्यावर पेनाने लिहिला आणि खोकं पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेलं.

या कुलपाला धंद्याच्या बोलीत एफआरपी म्हणतात. ते 'तोडून' द्यायचे काही शे रुपये पडतात. कुलूप वाईट हेतूने घातलेलं नाही. चोरलेला फोन पुसून परत विकता येऊ नये, यासाठी ते आहे आणि त्याचा उपयोगही होतो. पण आबांच्या हातात बिल आहे, हप्ते त्यांनी कापूस विकून फेडलेत आणि फोन मात्र मालक म्हणून फक्त एका ईमेल पत्त्याला ओळखतो. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये तर दुसरंही एक कुलूप असतं. हप्ता चुकला की पतपुरवठा करणारी कंपनी लांबूनच फोन बंद पाडू शकते. इथल्या अहिराणी बोलीत कुणी सरळ विचारलं, "हाऊ फोन मना शे का?", म्हणजे हा फोन माझा आहे का, तर त्याचं प्रामाणिक उत्तर 'पूर्ण नाही' असंच द्यावं लागेल.

खानदेश हा वस्तू उघडून बघणारा मुलूख आहे. पाण्यातली मोटार जळाली तर ती फेकत नाहीत, रिवाइंडिंगला देतात. वीस वर्षं जुना ट्रॅक्टर गावातच उघडला जातो आणि गावातच उभा राहतो. ज्या वस्तूसाठी पैसे मोजले तिच्या पोटात हात घालण्याचा हक्क इथे कुणी कधी कुणाकडे मागितला नाही, तो गृहीतच होता. फोन आणि संगणक आले आणि हा हक्क गेला. गेल्याचं कुणाला कळलंही नाही. हा लेख त्या हक्काबद्दल आहे, आणि तो परत मिळवायची साधनं तयार असूनही आपल्याकडे पोचत का नाहीत, त्याबद्दल आहे.

*

आपण ज्याला अँड्रॉइड म्हणतो त्याचा गाभा लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या आठ वर्षं आधी, २७ सप्टेंबर १९८३ रोजी, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली होती. त्यांचं म्हणणं चार कलमांत मावतं. सॉफ्टवेअर कुठल्याही कामाला वापरता आलं पाहिजे. ते कसं चालतं ते उघडून पाहता आलं पाहिजे. त्याची प्रत शेजाऱ्याला देता आली पाहिजे. आणि त्यात बदल करून ते बदलही वाटता आले पाहिजेत. कापसाच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. घरचं बियाणं राखायचं, त्यातलं चांगलं निवडायचं, भाऊबंदांना पायलीभर द्यायचं, हे त्याच्या आजोबाने केलेलं आहे. दरवर्षी पाकीट विकत आणायला लागल्यावर काय गेलं, तेही त्याने पाहिलं आहे.

लिनक्सच्या परवान्यात एक अट आहे. हा गाभा घालून यंत्र विकाल, तर गाभ्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मागणाऱ्याला द्यावी लागेल. म्हणजे आबांच्या आठ हजारांच्या फोनमधल्या सगळ्यात खोलवरच्या भागावर कायद्याने त्यांचाही हक्क आहे. अडचण वरच्या थरांत सुरू होते. अँड्रॉइडचा पायाभूत भाग खुला आहे, पण त्यावर गूगलच्या सेवांचा बंद थर चढतो, त्यावर फोन कंपनीची स्वतःची ॲप्स चढतात, आणि बूटलोडर नावाच्या दरवाजाला कुलूप लागतं. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागी होणारी छोटी आज्ञावली. कुठली प्रणाली चालू द्यायची, हे ती ठरवते. ती बंद असेल तर गाभा खुला असूनही त्याचा उपयोग नाही.

आपल्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी या थरांबद्दल निकाल दिला आणि गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. दंडाच्या आकड्याची वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. माझ्या मते आकड्यापेक्षा त्यासोबतचे आदेश मोलाचे होते. फोनसोबत आलेली ॲप्स काढून टाकता यावीत आणि प्ले स्टोअरबाहेरून ॲप घालण्यात आडकाठी आणू नये, असंही त्यात होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार आदेश रद्द केले. ग्राहकाच्या हातात थेट पडणारे हे दोन त्या चारांतच होते. त्यावर खानदेशातच काय, महाराष्ट्रातही फारशी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

कुलूप उघडता आलं तर काय होतं? लिनिएजओएस ही अँड्रॉइडच्या खुल्या भागातून जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेली प्रणाली आहे. आधीचा सायनोजेनमॉड हा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला आणि त्यातूनच ती उभी राहिली. कंपनीने ज्या फोनकडे पाठ फिरवली, सुरक्षेचे अपडेट थांबवले, असे शंभराहून अधिक प्रकारचे फोन त्यावर नव्याने चालतात. गोलाणीतल्या कारागिराला यातलं निम्मं काम तोंडपाठ आहे. तो रोजच 'सॉफ्टवेअर मारतो'. आवाज कमी करायचं आणि चालू करायचं बटण एकदम दाबून फोन फास्टबूटमध्ये नेतो, यूएसबी वायरने संगणकाला जोडतो, कंपनीची फाइल चढवतो. त्याच वायरने, त्याच टेबलावर लिनिएज चढते. फक्त आधी कुलूप काढावं लागतं. काही कंपन्या अर्ज करून सात-सात दिवस थांबायला लावतात, काही ते काढूच देत नाहीत. आणि काढलं तर पुढे दुसरी भिंत असते. फोनची प्रणाली मूळची नाही, असं बँकेच्या ॲपला दिसतं आणि ते चालायला नकार देतं.

ही भिंत मला सगळ्यात जाचक वाटते. चहाच्या टपरीपासून केळीच्या काट्यापर्यंत सगळा व्यवहार आज यूपीआयवर आहे. ज्याला ते चालवता येणार नाही, त्याने स्वातंत्र्य घेऊन काय करायचं? बँकांचं म्हणणं सुरक्षेचं आहे आणि ते सरसकट खोटं नाही. कुलूप उघडलेल्या फोनमध्ये पैसे चोरणारं काही शिरू शकतं. पण कंपनीने सोडून दिलेला, चार वर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला फोन या तपासणीत पास होतो आणि त्याच फोनवर या महिन्याची दुरुस्ती घातलेली खुली प्रणाली नापास ठरते. ही तपासणी सुरक्षेची कमी आणि मान्यतेची जास्त आहे.

*

कुलूप न काढताही थोडंफार करता येतं. २०१० पासून चालू असलेलं एफ-ड्रॉइड हे फक्त खुल्या संहितेच्या ॲप्सचं भांडार आहे. तिथे खातं लागत नाही, ईमेल विचारला जात नाही. गूगलऐवजी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारे नकाशे तिथे मिळतात. ते एकदा उतरवून घेतले की रेंज नसलेल्या सातपुड्यातही वाट दाखवतात. या नकाशावर पाड्याचं नाव चुकलं असेल किंवा पाडाच नसेल, तर पाड्यावरचा मुलगा ते स्वतः घालू शकतो.

पण हा दरवाजाही लहान होत चालला आहे. २५ ऑगस्ट २०२५ रोजी गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप घालायचं तर ते बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली असली पाहिजे, मग ते ॲप प्ले स्टोअरबाहेरचं का असेना. सप्टेंबर २०२६ पासून चार देशांत आणि २०२७ पासून इतरत्र, असं त्याचं वेळापत्रक दिलं. एफ-ड्रॉइडवाल्यांनी स्पष्ट सांगितलं की असं झालं तर आमचं काम या स्वरूपात चालणार नाही. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने नोव्हेंबरमध्ये म्हटलं. ती वाट किती अरुंद असेल, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

त्याच सुमाराला आपल्याकडेही एक प्रकरण घडलं. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासून घाला. देशभर विरोध झाला आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागे घेण्यात आली. हरवलेला फोन शोधायला ते ॲप उपयोगी आहे, हे मान्य. तरी माझ्या फोनमध्ये काय असावं हे दिल्लीने किंवा कॅलिफोर्नियाने ठरवायचं आणि मला काढायचा पर्याय ठेवायचा नाही, हा एकाच जातीचा प्रकार आहे.

*

खुली प्रणाली खानदेशात लाखो हातांत एकदा येऊन गेली, ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने फायरफॉक्स ओएस नावाची फोनप्रणाली केली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये ती इंटेक्स क्लाउड एफएक्स या १,९९९ रुपयांच्या फोनमधून भारतात आली. ती चालली नाही आणि २०१५ च्या अखेरीस मोझिलाने फोनचा नाद सोडला. पण संहिता खुली होती, म्हणून दुसऱ्यांनी ती उचलली आणि तिच्यातून कायओएस तयार झाली. २०१७ मध्ये दीड हजाराच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जो जिओफोन आला, तो या कायओएसवर चालायचा. बटणांचा फोन आणि त्यात इंटरनेट. घरातल्या बायकांच्या हातात स्वतःचा म्हणून पडलेला पहिला इंटरनेटचा फोन अनेक ठिकाणी हाच होता.

मूळ संहिता खुली असूनही वापरणाऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही. ॲप फक्त कंपनीच्या दुकानातून घ्यायचं आणि फोन उघडायचा नाही. २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आलं तेव्हा फोनची किंमत वाढल्यासारखी झाली. पुढे व्हॉट्सॲपने ही प्रणाली सोडली आणि चालते फोन ड्रॉवरमध्ये गेले. खुल्या संहितेतून कंपनीचा फायदा होतो, तो ग्राहकापर्यंत आपोआप झिरपत नाही. ही चळवळ समजून घेताना इथे थांबून विचार करायला हवा.

*

आता टेबलावरच्या संगणकाकडे येऊ. संगणकाशी खानदेशचं नातं तसं जुनं आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरात वनस्पती तुपासाठी जी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स कंपनी निघाली, तिचीच विप्रो झाली आणि १९८० नंतर तिने देशात संगणक बनवले. पण सामान्य घरात संगणक शिरला तो एमएस-सीआयटीच्या वर्गातून. एमकेसीएलने २००१ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं आणि तालुक्याच्या गावांत केंद्रं निघाली. माउस कसा धरायचा हे हजारो मुलामुलींना तिथे कळलं. त्या केंद्रांचे उपकार मोठे आहेत. पण तिथे शिकवलं गेलं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज, पत्र म्हणजे वर्ड, हिशेब म्हणजे एक्सेल, हे समीकरण एका पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या समीकरणाला दुसऱ्या बाजूने आधार दिला तो 'विंडोज मारून देणाऱ्यांनी'. दोन-तीनशे रुपयांत दुकानदार संगणक फॉरमॅट मारतो, विंडोज घालतो, ऑफिस घालतो, वर 'ॲक्टिव्हेटर' चालवून परवान्याचा प्रश्न मिटवतो. लिनक्सचा विषय काढला की धुळ्यात काय आणि भुसावळात काय, पहिला प्रश्न हाच येतो, "भाऊ, विंडोजही फुकटच पडतं ना, मग हे कशाला?" या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. चोरीची प्रत फुकट मिळते, पण तिच्यावर आपला हक्क नसतो. तिच्यासोबत आलेल्या ॲक्टिव्हेटरमध्ये काय भरलं आहे, ते दुकानदारालाही माहीत नसतं. पतसंस्थेच्या, औषध दुकानाच्या, शाळेच्या संगणकावर अशी अनोळखी आज्ञावली सगळ्या अधिकारांनिशी बसलेली असते. आणि या चोरीचा मोठा लाभ शेवटी कंपनीलाच झाला. पैसे न मोजता तिच्या मालाची सवय लागलेली एक पिढी तिला मिळाली आणि खुल्या पर्यायाला पाय ठेवायला जागा उरली नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीचे आय-थ्री संगणक आपल्याकडच्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत ठासून भरले आहेत. यंत्रं धडधाकट आहेत, पण कंपनीच्या लेखी ती मेली.

अशा यंत्रावर लिनक्स मिंट घालताना काय होतं, ते नीट सांगतो, कारण भीती सगळी इथेच असते. मिंटच्या संकेतस्थळावरून तीन जीबीच्या आसपासची फाइल उतरवायची आणि रूफस या फुकट साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहायची. संगणक सुरू होताना एफ-१२ किंवा कंपनीप्रमाणे दुसरी कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. मिनिटा-दोन मिनिटांत पडदा उजळतो, खाली पट्टी, डावीकडे मेनू. अजून हार्डडिस्कला हातही लागलेला नसतो. वायफाय पकडतो का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, हे सगळं इथेच तपासायचं. पटलं तर पडद्यावरच्या 'इन्स्टॉल'वर क्लिक करायचं. भाषांच्या यादीत मराठी असते. ती निवडली की पुढचे बरेच प्रश्न मराठीत येतात. एकाच प्रश्नावर थांबून विचार करायचा: डिस्क पूर्ण पुसायची की विंडोजच्या शेजारी जागा करायची. अर्ध्या तासात काम होतं. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीच आत असतात. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून एका क्लिकवर येतो. बोलल्यासारखं टंकलिहिणाऱ्यांसाठी वेगळा कळफलक असतो. चार जीबी रॅमच्या ज्या यंत्रावर विंडोज धापा टाकत होतं, ते पुन्हा चालतं.

अडतं ते दुसरीकडे. जळगावच्या सराफा पेढीपासून बाजार समितीतल्या अडत्यापर्यंत सगळ्यांचा जीव टॅलीत आहे, आणि टॅली विंडोजसाठीच आहे. ग्रामपंचायतीच्या टेबलावर कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असतो. तो लिनक्सवर चालवायला खटपट करावी लागते. निविदा भरायला लागणारी डिजिटल सहीची चावी विक्रेता फक्त विंडोजसाठी बसवून देतो. ज्याचा पोटाचा धंदा या तिन्हीवर आहे त्याने विंडोज रीतसर विकत घ्यावं, असं मी म्हणेन. पण शाळेचं, वाचनालयाचं, कॉलेजातल्या पोराचं काय अडतं? त्यांना टॅली लागत नाही.

*

कुलुपाचा सगळ्यात खोल घाव मात्र आपल्या भाषेवर झाला आहे आणि त्याची साक्ष धुळ्यातल्या कुठल्याही जुन्या छापखान्यात मिळते. १९९० ते २०१० या काळात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांत टाइप झाला. प्रत्येकाची अक्षरांची आतली मांडणी वेगळी होती. पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असायचं. जोवर तो फाँट आहे तोवर मजकूर आहे. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडा, कवितासंग्रहाच्या जागी उद्गारचिन्हं, डॉलर, कंस आणि मधूनच इंग्रजी अक्षरं यांची रांग दिसते. त्या काळात खानदेशातल्या छोट्या प्रकाशकांनी काढलेली कितीतरी पुस्तकं, स्मरणिका, अहिराणी संमेलनांची भाषणं अशा सीडींवर अडकून पडली आहेत. कागदी प्रत हाताशी असेल तर ती टाइप करणं सोपं पडतं, असं छापखानेवालेच सांगतात. पंधरा वर्षांपूर्वी संगणकावर लिहिलेलं वाचता येत नाही आणि तीनशे वर्षांपूर्वी मोडीत लिहिलेलं वाचता येतं, अशी आपली अवस्था आहे.

हे धुळ्यात घडावं याचं दुःख जास्त वाटतं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात वारले आणि त्यांनी जमवलेली दप्तरं आज राजवाडे संशोधन मंडळात आहेत. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले. गावोगाव पायपीट करून मिळवलेली पत्रं त्यांना स्वतःजवळ ठेवून नुसते निष्कर्ष लिहिता आले असते. त्यांनी मूळ पत्रं छापली. माझा निष्कर्ष चुकला असेल तर पुढच्याला तो तपासता यावा, ही त्यामागची धारणा होती. पुढे अनेकांनी त्याच साधनांच्या आधारे राजवाड्यांची मतं खोडली, आणि तसं करता आलं हेच त्यांच्या कामाचं यश होतं. खुल्या संहितेच्या माणसांना मी नेहमी राजवाड्यांचं नाव सांगतो.

फाँटच्या तुरुंगातून मराठीची सुटका युनिकोडने केली, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने. युनिकोड पायाभूत ठरल्यावरही चांगले, मोफत वाटता येणारे फाँट लागणार होतेच. ते खुल्या चळवळीतून आले. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाचा गार्गी, रेड हॅटचा लोहित, आणि अलीकडे एक टाइप या मुंबईच्या गटाचे मुक्ता आणि बलू. मुक्ता आज कुठल्याही छापखान्याला पैसा न मोजता वापरता येतो, त्यात अक्षर कमी पडलं तर घालता येतं. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत आहेत, तेही स्वयंसेवकांमुळे आणि पुण्यात बसून भाषांतर करणाऱ्यांमुळे. ही माणसं साहित्य संमेलनाच्या मंडपात दिसत नाहीत. खरं तर त्यांचा सत्कार तिथेच व्हायला हवा.

*

राज्य सरकार शेतकऱ्याच्या फोनमध्ये जे घालायला लावतं, तिकडे आता वळतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तलाठ्याच्या मागे फिरायचं नाही, स्वतःचा पीकपेरा स्वतःच नोंदवायचा, ही कल्पना मला मनापासून आवडली होती आणि आजही आवडते. शेतकरी बांधावर उभा राहतो, गट क्रमांक निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो, सिंचनाचं साधन सांगतो, उभ्या पिकाचा फोटो काढतो. फोन त्या जागेचे अक्षांश-रेखांश घेतो. ही नोंद गाव नमुना बारावर चढते आणि पीकविमा, नुकसानभरपाई, सरकारी खरेदी सगळं पुढे तिच्यावर टेकतं. रावेरच्या केळीवाल्यासाठी ती नोंद म्हणजे वर्षाची कमाई आहे.

एवढ्या वजनाच्या ॲपची संहिता ज्याच्यासाठी ते केलं त्याला पाहता येत नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हर दमतो. नोंद झाली म्हणून पडद्यावर दिसलं आणि सातबाऱ्यावर आली नाही, अशा तक्रारी दरवर्षी तहसीलच्या आवारात ऐकू येतात. चूक फोनमध्ये झाली, वाटेत झाली की तिकडे झाली, हे शेतकऱ्याने कसं सिद्ध करायचं? बांभोरीच्या, शिरपूरच्या, धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेतकऱ्यांचीच मुलं संगणकशास्त्र शिकतात. संहिता समोर असती तर कमजोर नेटवर्कमध्ये नोंद कुठे गळते, हे त्यांनी शोधलं असतं आणि दुरुस्ती पाठवली असती.

यात क्रांतिकारक असं काही नाही. केंद्र सरकारचंच २०१५ चं धोरण सांगतं की सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला पसंती द्यावी. त्याच वर्षी सरकारी ॲप्सची संहिता खुली करण्याचंही वेगळं धोरण आलं. करोनाकाळातल्या आरोग्य सेतू ॲपवर टीका झाली तेव्हा २६ मे २०२० रोजी सरकारने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता उघड केली होती. युरोपात २०१७ पासून एक मागणी चालू आहे, की जनतेच्या पैशातून झालेली संहिता जनतेला खुली असावी. महाराष्ट्रात ही मागणी सगळ्यात आधी करायला हवी ती शेतकरी संघटनांनी. भावाइतकाच हा त्यांच्या हिताचा विषय आहे.

केरळने तर या शतकाच्या पहिल्या दशकातच सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या. तिथली दहावीची मुलं संगणकाची परीक्षा खुल्या प्रणालीवर देतात. परवान्यांचे पैसे वाचले. इथे धुळे जिल्ह्यातही जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्यासाठी हर्षल विभांडिक यांनी गावोगाव लोकवर्गणी उभी केली आणि गावांनी भरभरून दिली. गावकरी शाळेच्या यंत्रासाठी खिशात हात घालतात, हे सिद्ध झालेलं आहे. त्या यंत्रात काय चालावं, याचा निर्णय तेवढा कुणीतरी घ्यायचा राहिला आहे. शिकवायचं साहित्यही आयतं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने झालेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, लिबरऑफिसचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात मिळतात.

आणि भाषा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या गटात, ज्यात अहिराणीही येते, १८ लाख ६० हजार लोक मोजले गेले, भिली-भिलोडीच्या गटात एक कोटी चार लाख. जून २०२४ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत ११० भाषा नव्याने आल्या. त्यांत भारतातल्या सात होत्या: अवधी, बोडो, खासी, कोकबोरोक, मारवाडी, संताली, तुळू. अहिराणी नव्हती. कंपनीच्या यादीत नाव येण्याची वाट पाहत बसायचं, किंवा निवेदन द्यायचं, एवढंच आपल्या हातात उरतं. खुल्या प्रणालीत तसं नाही. लिनक्सच्या पायाशी सगळ्या आज्ञावलींना लागणाऱ्या संहितेचं जे ग्रंथालय (लायब्ररी) असतं, त्यात भिलीची नोंद आज आहे. वारांची नावं, महिन्यांची नावं, तारीख लिहायची पद्धत, अशी ती एक साधी मजकुराची फाइल आहे. अहिराणीला आंतरराष्ट्रीय प्रमाणात एएचआर हा स्वतःचा संकेत मिळालेला आहे. तिची अशी फाइल लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संगणकशास्त्र प्रशाळा आणि भाषा प्रशाळा एकाच आवारात आहेत. भाषेच्या विद्यार्थ्यांनी धुळे, साक्री, पारोळा, अमळनेर इथल्या बोलीतले फरक मांडून शब्द ठरवायचे, संगणकाच्या विद्यार्थ्यांनी फाइल बांधून त्या ग्रंथालयाच्या प्रकल्पाकडे पाठवायची, तिकडून आलेल्या दुरुस्त्या करायच्या. एका सत्राचं काम आहे आणि त्याला गुणही देता येतील. खानदेशातल्याच लेवा गणबोलीचं काम दुसऱ्या सत्रात घ्यावं, कारण तिला आधी स्वतःचा संकेत मागावा लागेल आणि त्याचा अर्ज बराच लांब असतो.